करडीचं दूध

मेहकरच्या एस.टी. स्टँडवर मागे एक शिकलेला माणूस भेटला. बाकावर शेजारी बसला. मी चहा मागवला तर नको म्हणाला. का, तर त्यानं दूध सोडलं होतं. दूध, दही, तूप, सगळंच. वासराच्या तोंडचं आपण का प्यावं, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, गरीब माणसाला असं जेवण परवडेल का?"

मला आधी हसू आलं. मग राग आला. मी म्हणालो, "साहेब, सोडायला आधी हातात असावं लागतं. आमच्या घरात वर्ष-वर्ष दुधाचा थेंब येत नव्हता. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. आम्ही त्याला नुसतं जेवण म्हणायचो."

त्याची गाडी लागली, तो गेला. प्रश्न मात्र माझ्याजवळ सोडून गेला. परवडतं का? याचं खरं उत्तर द्यायचं तर मला माझ्या मायचे हात दाखवावे लागतील. ते हात आता नाहीत. म्हणून लिहितो.

महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आमचं घर दुसरबीडच्या कडेला, नाल्याच्या अलीकडे. घरात आम्ही तिघं. माय रुखमाबाई, धाकटी बहीण कोकिळा, आमची कोकी, आणि मी कडूबा. माझ्याआधीची दोन गेली म्हणून माझं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेऊ नये म्हणून. बाप मी सहा वर्षांचा असतानाच गेला. जमीन नव्हती. माय हिंमतरावांच्या वावरात कामाला जायची आणि मजुरी म्हणून ज्वारी आणायची. पैसे क्वचित. मजुरी दाण्यातच असायची, आणि खरं सांगतो, तेच बरं होतं.

तेव्हा गावात एक रीत होती. ताक कोणी विकत नसे. ताक विकलं की म्हैस आटते, असं म्हणायचे. ज्याच्या घरी घुसळण, त्यानं लोणी ठेवून घ्यायचं आणि ताक गावाला द्यायचं. हिंमतरावांच्या घरी सकाळी रवीचा आवाज सुरू झाला, की आमच्या आळीतल्या बायका तांबे घेऊन निघायच्या. हिंमतरावांची बायको सुभद्राबाई डेऱ्याजवळ बसलेली असायची. कपाळावर घाम, हातात पळी. कोणाच्या घरी किती तोंडं आहेत हे तिला पाठ होतं. आमच्या तांब्यात ती ताक ओतायची, आणि कोकीला बघून लोण्याचा एक गोळा, करंगळीच्या नखाएवढा, वरून सोडायची. कोकी घरी येईपर्यंत तांब्यात डोकावत यायची, तो गोळा बुडला का तरंगतोय ते पाहत.

त्या ताकात माय ज्वारीच्या कण्या शिजवायची. वर लसणाची फोडणी, करडीच्या तेलाची. बाहेर थंडी, चुलीजवळ आम्ही दोघं, आणि परातीत वाफाळत्या कण्या. अजून तो वास कुठं आला तर मी रस्त्यात थांबतो.

कोकी सोळाची झाली तेव्हा देऊळघाटचं स्थळ आलं. मुलगा पंजाबराव, घरची वीस एकर कोरडवाहू, दारात म्हशी. आमच्यासारख्याच्या घरी असं स्थळ यायचं नाही. पण पंजाबरावानं तिला मेहकरच्या बाजारात पाहिलं होतं आणि हटून बसला होता. त्याची आई अन्नपूर्णाबाई बोलणी करायला आली. उंच बाई, नाकात मोठी नथ, बोलणं थोडकं. सगळं ठरल्यावर ती मायला म्हणाली:

"ईनबाई, हुंडा-पांडा आमाले नको. एकच सांगते. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण माह्या सुनेच्या उशाशी तुपाचं गाडगं पाहिजे. होत नसंल तर आताच सांगा. आमी आमच्या घरी करू. मंग मात्र पोरगी माहेरी धाडायचं नाव काढू नका."

मायनं कोकीकडे पाहिलं. तेव्हा शेजारी बसलेली सुभद्राबाई म्हणाली, "काऊन होणार नाही? कोकी माह्या ताकावर वाढली. तिच्या बाळंतपणाचं तूप माह्या घरचं."

चारचौघींत दिलेला शब्द. मायनं मान हलवली. लग्न झालं.

त्याच दिवाळीला गावात दूध केंद्र उघडलं. हार, भाषण, वाजंत्री. एक पुढारी म्हणाला, तुमच्या गावात दुधाची गंगा आली. खोटं बोलला. गंगा येत नव्हती, जात होती. रोज दोनदा, ट्रकमध्ये बसून, शहराकडे.

आणि त्या गंगेच्या काठावर मी उभा होतो. सातवी झालेला म्हणून मला केंद्रात काम मिळालं. दुधात काचेची नळी सोडायची, नळी किती बुडाली ते पाहायचं, पाणी घातलेलं असेल तर दूध परत करायचं. मला फार अक्कड आली होती. वीस वर्षांचं पोर, आणि मोठमोठे शेतकरी माझ्यासमोर बादली घेऊन उभे. हिंमतराव स्वतः.

केंद्र उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या बायका सवयीनं तांबे घेऊन गेल्या. रवी वाजत नव्हती. सुभद्राबाई दारात आली. हात रिकामे. नुसती उभी राहिली. बायका थोडा वेळ थांबल्या आणि परत फिरल्या. कोणी भांडलं नाही. कशाचं भांडणार? फुकटचं होतं. फुकटचं बंद झालं तर तक्रार कुठे करतात?

मी तेव्हा केंद्रात होतो. हिंमतरावांचं दूध मीच मोजून घेतलं, आणि वरून म्हणालो, "एक नंबर दूध, काका."

माघात कोकी बाळंतपणाला आली. सातवा महिना. पाय सुजलेले, पण हसणं तेच. दोन दिवसांनी सुभद्राबाई आमच्या मागच्या दारानं आली. पदर तोंडाला लावलेला.

"रुखमे, माहं बोलणं मोडलं व. धारेच्या वक्ताले ते सोता बादली घेऊन बसतात. नातवाच्या वाटीतलं दूधबी मोजून देतात. तूप कुठून काढू मी?"

"जाऊ द्या बाई," माय म्हणाली. "तुमचा काय दोष?"

सुभद्राबाई गेल्यावर कोकीनं तिच्या मोठ्या जावेची गोष्ट सांगितली. जावेच्या माहेरी तूप नव्हतं. अन्नपूर्णाबाई बारशाला गेली, पाहिलं, आणि त्याच दिवशी ओल्या बाळंतिणीला गाडीत घालून देऊळघाटला आणलं. त्याला चार वर्षं झाली. जाऊ अजून माहेरी गेलेली नाही. तिचा बाप वारला तेव्हा तिला दिवस झाल्यावर कळलं.

कोकी सांगत होती आणि मायच्या लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती. लहानपणी झोपताना करायची तसं.

"माय, मले असं नेलं तर?"

"नेतात कशाला?" माय म्हणाली. "माही लेक सव्वा महिना ह्याच खाटेवर झोपंल. पाहीन मी कोण नेते ते."

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. बाभळीचा डिंक बांधाबांधानं फिरून खरवडला. बिब्बे फोडून त्यातली गोडंबी काढली. त्यात तिची बोटं उतली, कातडी गेली. हाळीव कुठून तरी मूठभर आणलं. आणि मग करडीचा हंगाम लागला.

करडी म्हणजे काटेरी पीक. ज्वारीच्या वावराला कडेनं तिच्या चार ओळी पेरायच्या, म्हणजे गुरं आत घुसत नाहीत. फुलं पिवळी, मग शेंदरी. पण हात लावला की रक्त. म्हणून काढणी भल्या सकाळी, दवात काटे मऊ असतात तोवर. बायका हाताला चिंध्या गुंडाळतात. काढणी झाल्यावर जी बोंडं मागे राहतात तो सरवा, आणि सरवा गरिबाचा. मालकानं त्याला हात लावायचा नाही, हीसुद्धा रीतच. ताकाची रीत मेली होती, सरव्याची अजून जिवंत होती.

माय मजुरी संपवून सरवा वेचायची. ऊन चढलेलं, दव गेलेलं, काटे सुयांसारखे ताठ. रात्रीच्या भाकरी थापताना तिच्या हाताला पीठ लागायचं आणि पिठात लाल ठिपके उमटायचे. भाकरी भाजली की ते ठिपके दिसत नव्हते. आम्ही खाल्ल्या.

चैत्रात कोकी बाळंत झाली. मुलगा. बारीक होता, पण आवाज खणखणीत.

मग मायनं करडीचं दूध काढायला सुरुवात केली. दाणे रात्री भिजत घालायचे. सकाळी उखळात हलके कांडून टरफलं सोडवायची. मग पाट्यावर पाणी घालत घालत वाटायचं, वाटायचं, खांदे भरून येईपर्यंत वाटायचं, आणि धडप्यातून पिळायचं. खाली पांढरंशुभ्र दूध. न सांगता पुढे ठेवलं तर म्हशीचं म्हणाल. फक्त ते उतू जात नाही. आच जास्त झाली की फुटतं. म्हणून मंद जाळावर, डाव फिरवत बसायचं. त्यात ज्वारीच्या कण्या, शेवटी गूळ. ती खीर सकाळी. डिंकाचे लाडू करडीच्या तेलातले. दुपारी बाजरीची भाकर, अंबाडी आंबट, बाळंतिणीला नको म्हणून मेथी, तुरीचं वरण, जवसाची चटणी वर तेल सोडून. दुधाचा थेंब नाही, तुपाचा वास नाही.

मला राहवलं नाही. एक दिवस केंद्रातून तांब्याभर दूध आणलं. संध्याकाळचं, कॅनमधलं, ट्रक यायच्या आधी काढलेलं. मायच्या पुढे ठेवलं.

"कोणाचं हाय हे?"

"केंद्रातलं."

"कोणी देलं?"

मी बोललो नाही.

"जसं आणलं तसं नेऊन टाक."

माझं डोकं फिरलं. "सगळ्या गावाचं दूध माह्या हातून जाते, आन माही बहीण करडी पेते! शहरातले लोक काय आपल्यापेक्षा जास्त बाळंत होतात?"

"नसतील होत. तरी नेऊन टाक. चोरीचं पाजून त्या लेकराच्या हाडात चोरी भरू का मी?"

"हाडात काही भरत नाही. हाड हाड असते."

"मंग तुह्या तोंडाले कुलूप काऊन लागलं होतं आता?"

खाटेवरून कोकी हसली. बाळंतिणीचं हसणं, पोट धरून. "दादा, तुही नळी आण ना एकदा. मायच्या दुधात सोडून पाहू. पास का नापास?"

"नापास," मी म्हणालो. "मायच्या दुधात करडी कमी आन घाम जास्त. दंड करावा लागंल."

"कर दंड," माय म्हणाली. "आधी तांब्या नेऊन ये."

मी नेऊन आलो. ते दूध कॅनमध्ये परत ओतताना मला जी लाज वाटली ती काढताना वाटली नव्हती.

आठव्या-नवव्या दिवसापासून पोर दिसायला लागलं. गाल आले. कोकीला दूध इतकं उतरलं की चोळी भिजायची. माय रोज सकाळी पोराच्या मांडीला चिमटा काढून बघायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. मला वाटतं ती देवाला नाही, करडीला म्हणत असावी.

पण बाळाच्या मांडीनं अट पुरी होत नव्हती. अट गाडग्याची होती.

अकराव्या दिवशी मायनं कोपऱ्यातलं एक जुनं गाडगं काढलं. बाहेरून धुतलं, पुसलं. तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं, आणि कोकीच्या उशाशी शिंक्यावर टांगलं. रिकामं.

"माय, कोणी पाहिलं तर?" कोकी म्हणाली.

"बाळंतिणीच्या गाडग्यात कोण हात घालते? दिसलं म्हंजे झालं."

बारशाला अन्नपूर्णाबाई आली. मेहकरला गाडी बदलून, उन्हातान्हात, हातात झबली-टोपड्यांचं गाठोडं. आळीतल्या आठ-दहा बायका जमल्या होत्या. सुभद्राबाईही आली होती, दारापाशी बसली होती, नजर खाली. मी ओसरीवर. घर एवढंसं, मला सगळं दिसत होतं.

अन्नपूर्णाबाई आल्या आल्या पोराला मांडीवर घेऊन बसली. उलटं केलं, सुलटं केलं, बाजारात बैल बघतात तसं. मायनं तिला खीर दिली. तिनं वाटीभर खाल्ली. मग वाटी पुढे केली. मायनं पुन्हा दिली. तीही खाल्ली. माझ्या जिवात जीव आला.

पाळण्याची गाणी झाली, नाव ठेवलं. भगवंत. घुगऱ्या वाटल्या. बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात अन्नपूर्णाबाई म्हणाली:

"थांबा व बायांनो. आजीच्या हातानं टाळू भरायची राह्यली. ईनबाई, काढा ते तुपाचं गाडगं खाली."

टाळू म्हणजे लेकराच्या डोक्यावरची मऊ जागा, तिच्यावर तूप नाहीतर तेल जिरवतात. आमच्याकडे तेलच. तूप असतं त्यांच्याकडे तूप. मायनं सगळ्या गोष्टींचा विचार केला होता, ही एक सोडून. कारण तिच्या सात पिढ्यांत कोणी तुपानं टाळू भरली नव्हती. ते तिच्या डोक्यात येणार कुठून?

"तेल देते ना, करडीचं हाय, ताजं…" माय म्हणाली.

"तूप असल्यावर तेल काऊन?"

मायचा हात हलेना. कोकीनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला. सुभद्राबाई जमिनीकडे बघत होती. माझ्या तोंडाशी आलं होतं की सांगून टाकावं. रिकामं हाय ते! ह्या बाईनं शब्द दिला आन ह्या बाईच्या नवऱ्यानं सगळं तूप ट्रकात घातलं, आन ते मी मोजलं! मी उंबऱ्यात पाय टाकला.

त्याआधीच अन्नपूर्णाबाई उठली. उंच होती. तिनं स्वतःच शिंक्यातलं गाडगं काढलं. हातात घेताच तिला कळलं असणार. भरलेल्या गाडग्याचं वजन बाईला शिकवावं लागत नाही. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग खाली बसली, फडकं थोडं सैल केलं आणि हात आत घातला.

बोटं बाहेर आली तेव्हा त्यांना कोळ्याचं जाळं चिकटलं होतं. करडं, धुळीचं. मला ओसरीवरून दिसलं.

तिनं हात पदराखाली नेला, पुसला, पुन्हा वर आणला. चार बोटं पोराच्या टाळूवर टेकवली आणि गोल गोल फिरवू लागली. हलकेच. कोरडी बोटं.

"साजूक हाय," ती म्हणाली. "वास पाहा कसा सुटला."

एक म्हातारी म्हणाली, "हाव माय, घरभर सुटला."

बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या. सुभद्राबाई सगळ्यांच्या शेवटी उठली. जाताना तिनं मायच्या हाताला नुसता हात लावला.

घरात आम्हीच उरलो. अन्नपूर्णाबाईनं गाडगं मायच्या पुढे ठेवलं.

"ईनबाई, खोटं बोलायचं तर धड बोलावं. बाहेरून धुतलं, आतून काऊन नाही धुतलं? कोळ्यानं संसार मांडला त्याच्यात."

माय रडायला लागली. मी आयुष्यात तिला तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. बाप गेला तेव्हा मी लहान होतो.

"माह्या लेकीले नेऊ नका," ती म्हणाली. "मी तिले उपाशी नाही ठेवलं."

"मले दिसते. लेकरू काय हवेवर फुगलं का?" अन्नपूर्णाबाई म्हणाली. "खीर कशाची होती?"

"करडीची."

"पहिल्या घासालेच वळखली मी." तिनं नथ हातानं सारखी केली. "माह्या मायनं मले हेच पाजलं होतं. बाराव्या दिवशी माही सासू आली, गाडग्यात डोकावली, आन मले उचलून घेऊन गेली. लेकरू दूध पेत होतं तसंच. माय गाडीमागं नाल्यापर्यंत आली. त्याच्यानंतर ती मले दिसली ते मेल्यावर."

"मंग तुमी बी तेच करता?" मी दारातून म्हणालो. "मोठ्या सुनेले नेलं तुमी! तिचा बाप मेला, तरी नाही धाडलं!"

"कडूबा!" माय ओरडली.

"बोलू द्या त्याले," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. "हाव, नेलं. जे शिकवलं ते शिकली मी. तुही नळी दूध पाह्यते ना रे? माणूस पाह्यते का?"

मी ओसरीवर जाऊन बसलो.

दुपारी ती कोकीच्या खाटेजवळ आडवी झाली. संध्याकाळी उठली तेव्हा माय पाट्यावर बसली होती, करडी वाटत. अन्नपूर्णाबाईनं तिचे हात धरून पाहिले. सुजलेली, फाटलेली, बिब्ब्यानं काळी पडलेली बोटं. मग मायला बाजूला सारून स्वतः पाट्यावर बसली. मोठ्या घरची बाई, नथ हलत होती, आणि ती वरवंटा ओढत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "हात विसरला नाही बापा."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना मात्र ती पुन्हा होती तशी झाली. "सव्वा महिन्यानं पंजाबराव येईल घ्यायले. आन पुढच्या खेपेले तूप पाहिजे. सांगून ठेवते."

कोकी सव्वा महिना त्याच खाटेवर झोपली. माय म्हणाली होती तसं.

मला आजही कळत नाही, त्या बाईनं दया केली की स्वतःच्या घराण्याची इज्जत वाचवली. आठ-दहा बायकांसमोर गाडगं रिकामं निघतं तर देऊळघाटलाही बोल लागला असता. दोन्ही असेल. माणूस एकाच कारणानं काही करत नाही. मी तिच्यावर रागावूनच राहिलो, बराच काळ. मोठ्या सुनेसाठी. पण त्या दिवाळीला ती मोठी सून भाऊबीजेला माहेरी गेली, हेही लिहिलं पाहिजे. कोकीनंच सांगितलं.

आता त्या साहेबाच्या प्रश्नाकडे येतो.

पुढच्या वर्षी हिंमतरावांनी वावराला तार लावली. तार असल्यावर करडी कशाला? काटेरी ओळी गेल्या, त्यांच्याबरोबर सरवा गेला. मजुरी दाण्याऐवजी पैशात मिळू लागली. पैशात ज्वारी मिळायची, पण बांधावरची मेथी मिळत नव्हती, डिंक मिळत नव्हता, करडी मिळत नव्हती. तेव्हा साहेब, दुधाशिवाय जेवण गरिबाला परवडतं. फार चांगलं परवडतं, लेकराच्या मांडीवर वळ्या पडतात इतकं. पण वावराच्या कडेला त्याच्यासाठी चार ओळी पाहिजेत, आणि घरात एक बाई पाहिजे जिचे हात कोणी मोजत नाही. ते हात हिशेबात धरले, तर राजालाही परवडत नाही.

मी केंद्रातली नोकरी सोडली. त्यात मोठेपणा नाही. पुढाऱ्याच्या भाच्याला ती हवी होती आणि माझं तोंड चालत होतं.

दोन वर्षांनी कोकीला पुन्हा दिवस गेले. मायनं सगळे बांध पालथे घातले. पाच कोसांत करडी नव्हती. तूप तर नव्हतंच. एक दिवस ती मला म्हणाली, "पंजाबरावाले कागद लिही. म्हणावं, ह्या खेपेले तिकडंच करा." मी लिहायला बसलो. तीन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. पुन्हा लिहिल्या.

कागद टाकायच्या आधीच कोकी आली. भगवंत तिचं बोट धरून चालत होता, मांड्या तशाच. पंजाबरावाच्या डोक्यावर एक मोठं गाडगं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यानं ते सांभाळून खाली ठेवलं.

मायचा चेहरा उतरला. "तूप धाडलं का ईनबाईनं? मले लाजवाले?"

"तूप कुठलं माय," कोकी म्हणाली. "देऊळघाटलेही केंद्र झालं ना. आमच्याबी घरी आता थेंब राह्यत नाही. मामंजी सोता बादली घेऊन बसतात. आत्याबाईचं त्यांच्याशी रोज भांडण."

मायनं फडकं सोडलं. आत करडी होती. निवडलेली, पाखडलेली, काठोकाठ.

"पूर्ण देऊळघाटात आत्याबाईच्याच वावरात राह्यली हाय करडी," कोकी म्हणाली. "मामंजी तार लावून राह्यले होते. आत्याबाई म्हणे, माह्या बांधाले तार लावसान तर मीच माहेरी चालली जाईन. पंचावन्न वर्सांची बाई! आन एक निरोप देला हाय तुले. म्हणे, ईनबाईले सांग, ह्या खेपेले आतून धुतलं हाय."

माय हसायला लागली. हसता हसता तिनं ओंजळ आत घातली, करडी वर काढली, पुन्हा आत सोडली. पावसासारखा आवाज आला. मग तिनं गाडग्याला फडकं बांधलं, मला शिंकं धरायला लावलं आणि कोकीच्या उशाशी, त्याच जागी, ते टांगलं. दोरी कुरकुरली. मायनं खालून हात लावून वजन पाहिलं.

"आता घालू दे कोणालेही हात," ती म्हणाली, आणि पाटा धुवायला गेली.